बांडगूळ तोडा, पण आमरी राखा



पावसाळ्याआधी आंब्या-फणसाची सफाई करताना फांदीवर दुसरेच झाड वाढलेले दिसले की आपण कोयता चालवतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे काम दरवर्षीचेच. पण झाडावर वाढते ते सारेच बांडगूळ नसते. पुष्कळदा ती आमरी असते. शहरात ऑर्किड म्हणून विकत घेतात त्याच कुळातली.

दोन्हींतला फरक मुळाशी पाहावा. बांडगूळ सालीतून आत घुसते आणि आंब्याचे पाणी व क्षार ओढते. जोडाशी गाठ येते, पुढची फांदी हळूहळू वाळते. त्याच्या फांद्या लाकडी, फुले नळीसारखी. आमरीच्या मुळ्या पांढुरक्या, सुतळीएवढ्या जाड आणि सालीवर नुसत्या पसरलेल्या असतात. पाणी शिंपडले की हिरवट दिसतात. त्या आत शिरत नाहीत. पावसाचे पाणी आणि सालीवरचा पालापाचोळा एवढ्यावर ती जगते; झाडाचे ती काही खात नाही.

बांडगूळ मात्र जरूर काढा, तेही फळे पिकण्यापूर्वी. त्याचे चिकट बी पक्षी फांदीफांदीला पुसत जातात. नुसता पाला ओरबाडला तर पुन्हा फुटते. गाठीच्या खालून फांदीच कापावी.

फूल आले की आमरीबद्दल शंका उरत नाही. सहा पाकळ्या, त्यांतली एक निराळी, ओठासारखी. आणि मधोमध केसर व स्त्रीकेसर मिळून झालेला एकच खांब. मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचा दाट घोस लोंबतो ती सीतेची वेणी. आसामचे राज्यपुष्प तेच; बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात. दुसरी एक जात हिवाळ्यात सारी पाने गाळते आणि नुसत्या कांड्यांवर पांढरी फुले धरते. वाळकी काटकी समजून तिला मोडून टाकणारे पुष्कळ!

तोडलेली आमरी सहजी परत येत नाही. तिचे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फुलावर यायला पुढे काही वर्षे जातात.

म्हणून रानातून उपटून आणू नका. वादळात फांदी मोडून आमरी खाली आली असेल, तर ती लावा. कुजलेल्या मुळ्या कापून टाका आणि परसातल्या आंब्याच्या खरबरीत सालीवर, सकाळचे ऊन लागेल अशा बाजूला, काथ्याने बांधा. मातीत पुरू नका, मुळ्या गुदमरून सडतात. झाड नसेल तर नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व विटांचे खडे भरलेली टोपली टांगावी. पाऊस सुरू होताना बांधली तर त्याच हंगामात नवी मुळे साल धरतात. उन्हाळ्यात सकाळी पाणी शिंपडावे. पाने गाळणारी जात थंडीत जवळजवळ कोरडीच ठेवावी. खताची हौस आवरा. वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ पुरे.

काही आमरी जमिनीतही येतात. पावसाळ्यात बांधावर पांढऱ्या फुलांचा तुरा काढतात आणि पाऊस सरला की दिसेनाशा होतात. कंद खाली जिवंत असतो. बांध खणायचा असेल तर तेवढी जागा सोडून खणा.