द्रविड : तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो, आणि बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. १६७५ च्या सुमारास मराठ्यांनी कावेरीकाठी राज्य स्थापिले. १८५५ साली ती गादी खालसा झाल्यानंतरही त्या मुलखातील कित्येक घरांत मराठी बोलली जात राहिली. ही वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली. परंतु तिच्यावरून उलट दिशेनेही माणसे येत होती. तमिळ देशातून निघून मराठी मुलखात स्थिरावलेली आणि कालांतराने पुरती मराठी झालेली घराणी आपल्याकडे आहेत. जुन्या शास्त्रकारांनी दक्षिणेतील ब्राह्मणांचे जे पाच वर्ग सांगितले, त्यांतला ‘द्रविड’ हा शब्द तमिळ देशाचा वाचक आहे. तैलंग वा कर्नाटकी या आडनावांप्रमाणे ‘द्रविड’ हे आडनावही मूळ प्रदेशाची खूण जपून आहे. भाषा बदलली, सोयरिकी बदलल्या, तरी नावाने गाव सोडले नाही.

राहुल शरद द्रविड याचे पूर्वज तंजावरचे अय्यर. त्याचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी होळकरांच्या इंदुरात, मराठी बोलणाऱ्या कुटुंबात झाला आणि तो वाढला बंगलोरला. तंजावर, इंदूर, बंगलोर ही तीन स्थळे नकाशावर जोडली तर अर्धा भारत त्या रेषेखाली येतो. वडील फळांचे मुरंबे व जॅम करणाऱ्या कंपनीत नोकरीस होते. त्यावरून सवंगड्यांनी त्याला ‘जॅमी’ हे नाव दिले. आई स्थापत्यकलेच्या प्राध्यापिका. केकी तारापोर यांच्या हाताखाली त्याने क्रिकेटचे धडे गिरविले. प्रारंभी तो यष्टिरक्षणही करीत असे, आणि ही गोष्ट पुढे दोन ठिकाणी कामास आली. फेब्रुवारी १९९१ मध्ये कॉलेजात शिकत असतानाच तो कर्नाटकाकडून रणजी सामन्यात उतरला. तो सामना पुण्याला, महाराष्ट्राविरुद्ध झाला, आणि त्यात त्याने ८२ धावा केल्या.

कसोटी क्रिकेटमधील त्याचे पदार्पण जून १९९६ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर झाले. सातव्या क्रमांकावर येऊन त्याने ९५ धावा केल्या. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या सौरव गांगुलीने १३१ धावा काढल्याने लोकांच्या जिभेवर गांगुलीचे नाव राहिले. दुसऱ्याच्या पराक्रमाच्या छायेत उभे राहण्याचा हा योग द्रविडच्या आयुष्यात वारंवार आला. २००१ साली कोलकात्याला फॉलोऑन मिळाल्यानंतर भारताने ऑस्ट्रेलियाला हरविले, ते लक्ष्मणच्या २८१ धावांमुळे असे सगळेच सांगतात. लक्ष्मणबरोबर ३७६ धावांची भागी करणाऱ्या द्रविडच्या १८० धावा ओघात सांगितल्या जातात. गंमत अशी की त्या डावात लक्ष्मणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवून द्रविडला सहाव्यावर उतरविले होते.

तिसरा क्रमांक ही वस्तू काय आहे, हे थोडे उलगडून पाहिले पाहिजे. सलामीचे दोघे कधी बाहेर पडणार हे त्यांना ठाऊक असते. तिसऱ्याला ते ठाऊक नसते. पहिल्याच चेंडूवर पाचारण होईल, किंवा दोन तास पॅड बांधून बसून राहावे लागेल. पुष्कळदा त्याला नवा चेंडू खेळावा लागतो. नव्या चेंडूची शिवण उठावदार असते, लकाकी ताजी असते. तो हवेत वळतो आणि टप्प्यावरून अकस्मात दिशा बदलतो. अशा वेळी बॅट पुढे ढकलणारा माणूस स्लिपमध्ये झेल देतो. द्रविडची रीत निराळी होती. चेंडू अगदी डोळ्यांखाली येऊ द्यावा, मनगटे सैल ठेवावी, म्हणजे कड लागली तरी चेंडू क्षेत्ररक्षकापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीवर पडतो. जो चेंडू यष्टींवर येत नाही त्याला हात लावू नये, हे त्या रीतीतले सर्वांत अवघड कलम. चेंडू सोडून देणे ही नकाराची क्रिया दिसते. वस्तुतः त्यात फार बारीक निवड असते.

क्रिकेटचा अमेरिकन भाऊबंद बेसबॉल येथे तुलनेला घेण्याजोगा आहे. १९२४ साली सेंट लुईस संघाचा रॉजर्स हॉर्न्सबी, जो दुसऱ्या बेसपाशी क्षेत्ररक्षण करी, त्याची फटक्यांची सरासरी .४२४ होती. म्हणजे हजार संधींत सव्वाचारशेच्या आसपास यश. विसाव्या शतकापासून आजवर त्या पातळीचा हंगाम तेथील प्रमुख स्पर्धांत क्वचितच कोणाला साधला. त्या खेळात योग्य पट्ट्यातून आलेला चेंडू तीनदा हुकला की फलंदाजाची पाळी संपते. त्याला अनंत काळ थांबण्याची मुभा नाही. क्रिकेटमध्ये ती मुभा आहे, आणि तिचा इतका निर्धाराने उपयोग करणारे फलंदाज थोडे. द्रविडने कसोटीत ३१ हजारांहून अधिक चेंडू खेळले. तोवर दुसऱ्या कोणीही एवढे खेळले नव्हते.

हा माणूस संथ आहे, ही तक्रार त्याच्या कारकीर्दीच्या आरंभापासून चालत आली. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. एकदिवसीय संघातून त्याला वगळलेही गेले. परंतु १९९९ च्या विश्वचषकात ४६१ धावा काढून तोच सर्वांच्या पुढे राहिला. पुढे संघाला एक फलंदाज अधिक खेळविता यावा म्हणून त्याने यष्टिरक्षणाचे ओझेही उचलले. बालपणीची ती विद्या येथे प्रथम कामास आली.

२००२ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत त्याने ६०२ धावा केल्या. नॉटिंगहॅमला ११५, लीड्सला १४८, ओव्हलला २१७, आणि मायदेशी परतल्यावर मुंबईला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १००, अशी लागोपाठ चार डावांत चार शतके झाली. या मालिकेत त्याच्या पुढे एकटा एव्हर्टन वीक्स उरतो. त्याची पाच होती, आणि सहावे १९४९ साली मद्रासला ९० वर धावबाद झाल्याने हुकले. लीड्सचा डाव या चारांत सर्वांत मोलाचा. ढगाळ हवेत प्रथम फलंदाजी स्वीकारल्यानंतर सेहवाग लवकर बाद झाला. मग द्रविड व संजय बांगर यांनी १७० धावांची भागी करून नव्या चेंडूचा सगळा दंश स्वतःवर घेतला. तेंडुलकर व गांगुली यांच्या शतकांना त्यानंतर मोकळे रान मिळाले, आणि भारताने एक डाव ४६ धावांनी सामना जिंकला.

तरीही त्याचा सर्वश्रेष्ठ हंगाम २००३-०४ चाच मानावा लागतो. ऑक्टोबरात अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध २२२ धावांनी आरंभ झाला. डिसेंबरात अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलियाने ५५६ धावा उभारल्या, आणि भारताचे चार गडी ८५ धावांत परतले. येथे पुन्हा लक्ष्मण त्याला येऊन मिळाला. दोघांनी ३०३ धावा जोडल्या. लक्ष्मणच्या १४८ झाल्या, द्रविडच्या २३३. संथ म्हणून ज्याची ख्याती, त्याने शतक पूर्ण केले ते गिलेस्पीला हुक मारून षटकाराने! दुसऱ्या डावात आगरकरने सहा बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला १९६ धावांत गुंडाळले. २३० धावांच्या लक्ष्याचा पाठलाग द्रविडने नाबाद ७२ धावा करून शेवटास नेला. विजयाचा चौकार त्याच्याच बॅटीतून गेला. सीमेपाशी गेलेला तो चेंडू स्टीव्ह वॉने स्वतः उचलून आणून त्याच्या हाती दिला. १९८१ नंतर ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर भारताचा हा पहिला कसोटी विजय होता. चार सामन्यांच्या त्या मालिकेत द्रविडच्या ६१९ धावा झाल्या, सरासरी १२३.८०.

पुढे पाकिस्तान. गांगुली जखमी असल्याने पहिल्या दोन कसोटींत नेतृत्व द्रविडकडे आले. मुलतानला सेहवागने ३०९ धावा केल्या, आणि तेंडुलकर १९४ वर नाबाद असताना द्रविडने डाव घोषित केला. त्यावर देशभर वाद माजला. सामना भारताने डावाने जिंकला, म्हणून निर्णय योग्य ठरला असे म्हणणे सोपे आहे. सहा धावांसाठी आणखी दोन षटके दिली असती तरी निकाल फारसा बदलता ना, असे म्हणणेही तितकेच सोपे. लाहोरचा सामना भारताने गमावला. एप्रिलमध्ये रावळपिंडीला शेवटच्या कसोटीत सेहवाग शून्यावर बाद झाला आणि तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज खेळपट्टीवर आला. तो १२ तास २० मिनिटे तेथे राहिला. ४९५ चेंडू, २७० धावा. बाद झाला तो, या गृहस्थाच्या बाबतीत विश्वास बसू नये अशा, उलट्या स्वीपच्या फटक्यावर! भारताने एक डाव १३१ धावांनी विजय मिळविला आणि पाकिस्तानात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सुरू केलेला वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला पुरस्कार द्रविडला मिळाला.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येईल. कर्णधार म्हणून २००६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये व २००७ मध्ये इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या; मधल्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत बाहेर पडण्याची नामुष्कीही वाट्यास आली. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत चारही कसोटी हरला, आणि त्यात द्रविडने तीन शतके केली. ओव्हलला तर सलामीला येऊन तो १४६ वर अखेरपर्यंत नाबाद राहिला. मार्च २०१२ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. १६४ कसोटी, १३,२८८ धावा, ३६ शतके. पैकी दहा हजारांहून अधिक धावा तिसऱ्या क्रमांकावरच्या. खेळाडू म्हणून जो विश्वचषक लाभला नाही, तो २०२४ साली वीस षटकांच्या स्पर्धेत, प्रशिक्षक म्हणून, ब्रिजटाउनला लाभला.

राहिली स्लिपमधली गोष्ट. यष्टिरक्षकाची नजर व हात येथे दुसऱ्यांदा कामास आले. वेगवान गोलंदाजीला स्लिपमधला खेळाडू दूर उभा असतो. फिरकीला मात्र तो फलंदाजाच्या इतका जवळ असतो की कड लागल्यावर विचाराला सवड उरत नाही. चेंडू हातात शिरू द्यावा लागतो, पकडायला धावून चालत नाही. कुंबळे आणि हरभजन यांच्या गोलंदाजीवर द्रविडने असे कितीतरी झेल टिपले. त्याच्या कसोटीतील झेलांची संख्या २१० झाली, आणि तो विक्रम २०२५ च्या जुलैत लॉर्ड्सवर ज्यो रूटने मोडला. मोडणारा झेल करुण नायरचा, म्हणजे कर्नाटकाच्याच एका फलंदाजाचा होता.