धानाच्या जिल्ह्यातला ल्युपस

श्रावणाच्या तोंडावर, धानाची रोवणी उरकत आलेली आणि बांध्यांतले पाणी अद्याप ओसरलेले नाही अशा दिवसांत, गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पंचविशीतील एखादी स्त्री सांधे ठणकतात, अंगात कणकण असते, तोंड येते आणि थकवा काही केल्या जात नाही अशी कैफियत घेऊन आली, तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मनात प्रथम हिवताप येतो, त्यामागून सिकलसेल येतो आणि त्याच्याही मागून क्षय येतो. आणि या क्रमाबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या अरण्यालगतच्या तालुक्यांत हिवतापाचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. सिकलसेल तर पूर्व विदर्भातील कित्येक कुटुंबांच्या रक्तातूनच चालत आलेला, इतका की त्याच्यासाठी राज्य शासनाला स्वतंत्र कार्यक्रम आखावा लागला आणि पुढे १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीमच जाहीर केली. जेथे रक्ताची उणीव, ताप आणि सांध्यांच्या वेदना यांना इतकी परिचित कारणे हजर आहेत, तेथे एखादे अपरिचित कारण त्यांच्या गर्दीत मिसळून वर्षानुवर्षे नजरेआड राहिले तर नवल नाही. ल्युपस हा विकार या जिल्ह्यात राहतो तो असा.

या विकाराचे संपूर्ण वैद्यकीय नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमाटोसस असे लांबलचक आहे, परंतु त्याचे मर्म थोडक्यात सांगता येते. आपल्या शरीरात प्रत्यही असंख्य पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष निमूटपणे दूर केले जातात. ही झाडलोट मंदावली की पेशींच्या केंद्रकातील द्रव्ये, विशेषतः डीएनए, उघड्यावर पडतात, आणि परक्या जंतूंचा समाचार घेण्यासाठी असलेली प्रतिकारयंत्रणा त्यांनाच परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करू लागते. तलाठ्याच्या दप्तरात एकदा चुकीचा फेरफार नोंदला गेला, की पुढचा प्रत्येक उतारा त्या चुकीचीच साक्ष देतो. प्रतिकारशक्तीच्या स्मृतीचेही तसेच आहे, आणि म्हणूनच हा विकार औषधाने शांत होतो, पण समूळ नाहीसा होत नाही. प्रतिद्रव्यांचे पुंजके रक्ताबरोबर वाहत जाऊन जेथे अडकतात तेथे दाह होतो: कधी सांध्यांत, कधी त्वचेत, कधी फुप्फुसांच्या वा हृदयाच्या आवरणात, कधी मेंदूत, आणि अत्यंत घातक रीतीने मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत. तो संसर्गजन्य नाही. एका भांड्यातून पाणी प्याल्याने तो कोणाला होत नाही. दहा रुग्णांतील सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या, संसाराच्या व अपत्यांच्या, वयातल्या.

जिल्ह्यात असे रुग्ण किती असावेत? दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. तोच हिशेब २०११च्या जनगणनेतील जिल्ह्याच्या १३ लाख २२ हजार लोकसंख्येला लावला तर चाळीस-बेचाळीस हा आकडा येतो, आणि घरोघर फिरून विचारपूस करणाऱ्या पाहणीत अनेक रुग्ण निसटतात हे ध्यानात घेता तो कमीच धरला पाहिजे. उलट, पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी केलेल्या पाहणीत शंभरातील सुमारे अठरा प्रौढांना सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्याची तक्रार होती. सांधेदुखीच्या त्या अफाट समुदायातून हे चाळीस-पन्नास जीव निवडून काढायचे, हे काम सोपे नव्हे.

तरीही ल्युपसच्या काही खुणा आहेत. दोन्ही गालांवरून नाकाच्या दांड्यावर पसरणारा तांबूस चट्टा ही त्यांतील प्रसिद्ध खूण होय. पण सावळ्या वर्णावर तो तांबूस न दिसता काळसर दिसतो, त्याला बायका वांग म्हणतात, आणि वांग म्हटले की कोणी दवाखाना गाठत नाही. वांग उन्हाने वाढतो, परंतु त्यासोबत ताप येत नाही, केसांचे पुंजके हातात येत नाहीत आणि सकाळी बोटांचे सांधे आखडत नाहीत. या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शंका घेतली पाहिजे. शंका आली की एएनए नावाची रक्ततपासणी करतात. ती नकारार्थी आली तर ल्युपस बहुतांशी निकालात निघतो. होकारार्थी आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण धडधाकट माणसांतही ती पुष्कळदा होकारार्थी येते, आणि क्षय, कुष्ठरोग, हिवताप यांच्या रुग्णांतही येऊ शकते. केवळ त्या एका कागदावरून एखाद्या मुलीला जन्माचा रोगी ठरविणे हा अन्यायच आहे, आणि तो प्रयोगशाळांची संख्या वाढल्यापासून वाढत चालला आहे. डीएनएविरोधी प्रतिद्रव्ये, सी-३ व सी-४ या पूरक प्रथिनांची घट, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचे प्रमाण आणि लघवीची तपासणी, या सर्वांची साक्ष लक्षणांशी जुळली तरच निदान होते.

निदान झाल्यावर जी गोळी लिहून दिली जाते, तिची हकीकत गोंदियाकराने मुद्दाम ऐकण्याजोगी आहे, कारण ती मुळात हिवतापाच्या घराण्यातली आहे. ब्रिटिश अमदानीत टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या विकल्या जात, हे जुन्या पिढीने ऐकलेले असेल. त्याच क्विनीनचा ल्युपसच्या चट्ट्यांवर उपयोग होतो असे लंडनच्या पेन नावाच्या वैद्याने १८९४ मध्येच नमूद करून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात हिवतापाच्या प्रदेशांत लढणाऱ्या फौजांना मेपाक्रीन हे कृत्रिम औषध सक्तीने दिले गेले, ते ल्युपसलाही लागू पडते असे १९५१ मध्ये पेज यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि पुढे क्लोरोक्वीनचे अधिक सौम्य भावंड असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या कामी रूढ झाले. ताप आला की आरोग्यसेवक ज्या क्लोरोक्वीनच्या कडू गोळ्या दारात आणून देत असे, त्यांच्याच सख्ख्या नात्यातली ही गोळी होय, आणि म्हणूनच ‘मला हिवताप नसताना हे हिवतापाचे औषध कशाला?’ हा प्रश्न या भागातील रुग्णाने विचारावा हे अगदी स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे की ही गोळी येथे जंतू मारण्यासाठी दिलेली नसते. प्रतिकारयंत्रणेला आपल्याच केंद्रकद्रव्यांची खबर देणारे जे संकेत पेशींच्या आत उमटतात, ते ती मंद करते. तिचा स्वभाव संथ आहे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि बंद केली तरी तिचा अंश शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यामुळे सोडल्यानंतर काही दिवस रुग्णाला उलट हलकेच वाटते आणि ‘पाहा, गोळीवाचून काही अडले नाही’ असा ग्रह होतो. कॅनडातील वैद्यांनी १९९१ साली याची रीतसर परीक्षा पाहिली: प्रकृती स्थिर असलेल्या काही रुग्णांची गोळी चालू ठेवली, काहींची त्यांना न कळता बदलून निर्गुण गोळी दिली, तेव्हा दुसऱ्या गटात विकार उफाळण्याचा धोका अडीच पट निघाला. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमहून अधिक नसावी असा संकेत आहे. म्हणजे चाळीस किलो वजनाच्या बाईला, आणि रोवणीवर जाणाऱ्या कित्येक बायांचे वजन तेवढेच भरते, २०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरे, चारशेची नको. नेत्रपटलावर परिणाम होण्याची भीती खोटी नाही, पण मात्रा सांभाळली तर पहिल्या दहा वर्षांत तो शंभरात दोघांहूनही कमी जणांत दिसतो. आरंभी एकदा आणि पाच वर्षांनंतर दरसाल नेत्रतपासणी करावी, एवढाच त्याचा बंदोबस्त.

या गोळीचे नाव सर्वतोमुखी झाले ते २०२०च्या मार्च महिन्यात. कोरोनावर ती चालेल अशी आशा उत्पन्न झाली, आरोग्यसेवकांना ती प्रतिबंधक म्हणून सुचविली गेली, निर्यातीवर बंदी आली, चिठ्ठीवाचून विक्रीला मनाई झाली. आणि या धामधुमीत जे तिच्यावर खरोखर अवलंबून होते त्या ल्युपसच्या रुग्णांना देशोदेशी औषधांची दुकाने पालथी घालावी लागली. कोरोनावरील ती आशा पुढे फोल ठरली. ल्युपसमधील तिचे स्थान मात्र अढळ राहिले, हे सांगायला फारसे कोणी उरले नव्हते.

दुसरे औषध स्टेरॉइड. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिझोन टोचले आणि दोनच वर्षांत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, इतका त्याचा गुण चमत्कारासारखा होता. तो गुण खरा आहे, आणि ल्युपसचा भडका विझवायला अद्यापही त्याच्याइतके जलद साधन नाही. परंतु त्याच गुणामुळे ते आमच्या खेड्यांतून एक छुपे चलन झाले आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मिळणारी ‘ताकदीची’ सुई किंवा सांधेदुखीची बिननावाची पुडी हिच्यात बहुधा हेच द्रव्य असते. त्याने दोन दिवस आराम पडतो, रोगाच्या खुणा पुसल्या जातात आणि निदान सहा महिने लांबते. दीर्घकाळ घेतल्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, खुब्याचे हाड रक्तावाचून मरते (सिकलसेलमध्येही तेच घडते, म्हणून हा घोटाळा दुहेरी), आणि शरीरात सुप्त असलेला क्षय जागा होतो. ते एकाएकी बंद करणे याहूनही वाईट, कारण शरीराने तोवर स्वतःचे तत्सम द्रव्य बनविणे सोडलेले असते. आजचा वैद्यकीय दंडक असा आहे की दीर्घकालीन मात्रा रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा त्याखाली आणावी, आणि शक्य झाल्यास हळूहळू सोडवावी.

मूत्रपिंडाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण ल्युपसचा खरा निवाडा तेथेच होतो. सुमारे निम्म्या रुग्णांत केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाला दाह होतो, आणि तो वेदनेवाचून होतो. बाई कामाला जात असते, स्वयंपाक करीत असते, आणि आत गाळण्या निकामी होत असतात. लघवीला फेस येणे, सकाळी पापण्या जड होणे, पायांवर बोट दाबले की खळगा राहणे, रक्तदाब चढणे ही त्याची उशिरा येणारी चिन्हे. त्या आधीच त्याला पकडायचे तर लघवीतील प्रथिने पाहिली पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारी कागदी पट्टी व रक्तदाबाचे यंत्र या वस्तू प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतात. प्रथिने दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर गेली तर मूत्रपिंडाचा सुईएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि मग मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे येतात. सायक्लोफॉस्फामाइडची पूर्वीची जबर मात्रा आता सर्वांना लागत नाही. युरोपातील वैद्यांनी २००२ साली दाखवून दिलेल्या रीतीप्रमाणे पंधरा-पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅमची सहा सलाइने पुष्कळांना पुरतात, आणि ही रीत गरिबाच्या आवाक्यातली आहे. बेलिमुमॅब (२०११) आणि अनिफ्रोलुमॅब (२०२१) ही नवी औषधे गुणकारी आहेत खरी, पण त्यांची किंमत ऐकून रोवणीची मजुरी मोजणाऱ्या घराने केवळ मान हलवावी. माझे मत असे की या जिल्ह्यातील ल्युपसच्या रुग्णाचे आयुष्य त्या महागड्या सुयांवर फारसे अवलंबून नसून न चुकता घेतलेली स्वस्त गोळी आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासलेली लघवी यांवर अधिक अवलंबून आहे. विकाराची दिशा ठरविण्यासाठी १३० किलोमीटरवरच्या नागपूरला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा ‘एम्स’मध्ये, एकदा जाणे अटळ असेल, परंतु मधल्या काळातील देखरेख गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जे २०१६ पासून चालू आहे, किंवा तालुक्याच्या रुग्णालयात होण्यास काहीच प्रत्यवाय नाही. पन्नासच्या दशकात ज्या विकाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांच्या आत दगावत, त्याचे आज नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण तेवढा काळ सहज ओलांडतात.

उन्हाचा प्रश्न येथे फार बिकट आहे. उन्हातील जंबुपार किरणांनी त्वचेतील पेशी मरतात आणि त्यांचे केंद्रकद्रव्य उघडे पडून विकार उफाळतो. आणि या जिल्ह्यातील श्रमाचे पंचांग तर उन्हाचेच आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. ‘ऊन टाळा’ असे सांगणाऱ्याने ती मजुरी कोण देणार हेही सांगितले पाहिजे. तरी काही करता येते: लुगड्यावरून लांब बाह्यांचा पुरुषी सदरा घालण्याची येथील मजूर बायांची रीत मुळातच शहाणपणाची आहे, तिला रुंद काठाची टोपी आणि चेहऱ्यावरून घेतलेला शेला यांची जोड द्यावी, दहा ते चार या वेळात सावलीचे काम मागून घ्यावे, ढग असले म्हणजे किरण नसतात ही समजूत सोडावी. घरात बसून विड्या वळणे उन्हाच्या दृष्टीने बरे, मात्र वळलेली विडी ओढू नये, कारण धूम्रपानाने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा त्वचेवरील गुण कमी होतो.

राहता राहिले मातृत्व. वारंवार गर्भपात होणाऱ्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरविण्यापूर्वी तिचे रक्त फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिद्रव्यांसाठी तपासावे, कारण ल्युपसच्या अनेक स्त्रियांत ती असतात, रक्ताच्या गुठळ्या करून गर्भ खुडतात, आणि अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिन यांनी त्यांतील पुष्कळशी अपत्ये वाचवता येतात. विकार किमान सहा महिने शांत असताना गर्भ राहावा. मायकोफेनोलेट व सायक्लोफॉस्फामाइड ही गर्भाला घातक असल्याने आधीच बदलून घ्यावीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि अ‍ॅझाथायोप्रीन गरोदरपणातही चालतात, किंबहुना पहिली चालू ठेवलीच पाहिजे. आणि येथेच लग्नाच्या वेळी दुखणे लपविण्याची चाल आडवी येते. सासरी माहीत नसलेले दुखणे म्हणजे सासरी न घेतलेली गोळी. पुडा उशीखाली राहतो, दोन-तीन महिने काही जाणवत नाही, आणि सातव्या महिन्यात पाय सुजून, रक्तदाब चढून ती बाई गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाच्या दारात येते, तेव्हा तो गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार की मूत्रपिंडातील ल्युपस, हे तेथील डॉक्टरांना रात्रीच्या रात्रीत ठरवावे लागते, तेही सोबत आलेल्या सासूला सुनेच्या दुखण्याचे नावही ठाऊक नसताना.