नफा शेअरवर वाटायचा की टनावर?

विषमतेचे अर्थकारण : लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण पगार आणि मजुरीतली तफावत पाहिली. माणूस कितीही कुशल असला तरी काम करायला त्याला दिवसाचे तास मोजकेच मिळतात. लाभांश, व्याज, भाडे, शेअर किंवा जमीन विकून झालेला नफा यांना अशी वेसण नसते. हे भांडवलाचे उत्पन्न, आणि ते मालकीच्या मागोमाग जाते. भारतात मालकी किती एकवटली आहे? ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता, तर संपत्तीचा ४०.१ टक्के.

भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा सतत जास्त राहिला, तर जुनी संपत्ती नव्या कमाईला मागे टाकते, असे अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी सांगतात. पण परतावा किती, याइतकाच तो कोणत्या नियमाने वाटला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राइतकी चांगली जागा नाही. कारण इथे एकाच धंद्यात वाटपाचे दोन वेगळे नियम शेजारी-शेजारी नांदतात.

समजा, एका साखर कारखान्याने हंगामात दहा लाख टन ऊस गाळला आणि सगळा खर्च भागवून दहा कोटी रुपये उरले. कारखाना खासगी असेल तर हा पैसा भागधारकांचा. सगळा लाभांश म्हणून वाटला आणि प्रवर्तक कुटुंबाकडे ६० टक्के शेअर असले, तर सहा कोटी एका घरात जातात. ऊस घालणाऱ्याला ठरलेला दर मिळाला, त्याचा हिशेब तिथेच संपला.

कारखाना सहकारी असेल तर गणित बदलते. १९५० मध्ये प्रवरा नदीकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्याने हा नमुना घालून दिला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. राज्याच्या सहकार कायद्याने लाभांशावर साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे वाढावा मुख्यतः उसाच्या अंतिम दरातून सभासदांकडे जातो. आपल्या उदाहरणात तो टनामागे शंभर रुपये पडतो. दोन एकरांत ऐंशी टन ऊस काढणाऱ्याला आठ हजार रुपये जादा मिळतात.

हे जादा पैसे म्हणजे उसाची किंमत की नफ्याचे वाटप? यावरून कारखाने आणि आयकर खाते यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला. किमान वैधानिक दराच्या वर दिलेली रक्कम नफ्याचे वाटप आहे, म्हणून त्यावर कर भरा, असे खाते म्हणे. कारखाने तिला कच्च्या मालाचा खर्च म्हणत. ही रक्कम सरसकट नफा नव्हे, तिच्यात नफ्याचा अंश किती ते तपासा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. २०२३ च्या अर्थसंकल्पाने करनिर्धारण वर्ष २०१६-१७ च्या आधीची देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा दिली. त्यातून सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. मालक आणि पुरवठादार एकच झाले की भांडवलाचे उत्पन्न वेगळे काढणे कायद्यालाही किती जड जाते, ते या वादातून दिसते.

मात्र या नियमाची कुंपणेही पाहायला हवीत. वाटप टनावर, टन जमिनीवर आणि उसाची जमीन पाण्यावर अवलंबून. दोन एकरवाल्याला आठ हजार मिळतात तेव्हा वीस एकरवाल्याला ऐंशी हजार मिळतात. बीडहून कोयता घेऊन येणाऱ्या ऊसतोड जोडप्याला यातले काहीच मिळत नाही. ऊस तेही हाताळते, पण त्याचा हिशेब तोडणीच्या दराने होतो आणि त्यातूनही मुकादमाची आगाऊ उचल वळती होते. पुढे कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, लिलावात निघाले आणि खासगी हातांत गेले. यंत्रे तीच, ऊस तोच. वाटपाचा नियम मात्र एका सहीने बदलला.

म्हणून भांडवलाच्या उत्पन्नाकडे पाहताना नफा झाला की नाही, एवढे विचारून भागत नाही. मालक कोण, वाढावा कशाच्या प्रमाणात वाटला आणि कष्ट करूनही त्या यादीत कोणाचे नाव नाही, हेही विचारावे लागते. सहकाराने मालकांची यादी लांबवली, हे त्याचे मोठे काम. बिनजमिनीच्या माणसापर्यंत ती पोचली नाही, ही त्याची मर्यादा.

(पुढील आठवड्यात : वारसा. भारतात १९५३ मध्ये आलेली ‘इस्टेट ड्यूटी’ १९८५ मध्ये का गेली?)