कांडोळाची साल आणि कैद्यांचा पेच

आदिलाबादच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात कांडोळाची पांढरीफटक झाडं निष्पर्ण उभी असतात. सालीवर खाच पाडली की डिंक पाझरतो. पाण्यात तो अनेक पट फुगतो, म्हणून रेचकात आणि कवळी चिकटवायच्या पावडरीत वापरतात. खाच उथळ असेल तर झाड जखम भरून काढतं, खोल गेली तर वाळतं. मग खोल घाव घालतं कोण? अडाणी माणूस, हे उत्तर सोपं आणि चुकीचं. झाड कुणाच्याच मालकीचं नसेल, तर ‘मी सोडलं तर दुसरा नेईल’ हा हिशोब बिनचूकच असतो. १९५० साली गणितज्ञांनी मांडलेला ‘कैद्यांचा पेच’ तो हाच: वेगवेगळ्या कोठडीतल्या दोन कैद्यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याविरुद्ध साक्ष देणं फायद्याचं, आणि म्हणूनच दोघंही नुकसानीत जातात.

पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये अशा पेचावर उपाय सुचवला: मालकी खासगी करा, नाहीतर सरकारी. पण झाडागणिक पहारेकरी कुठून आणणार? २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दुसरी वाट दाखवली. पेचातले कैदी एकमेकांशी बोलू शकत नाहीत. गावकरी बोलतात, नियम ठरवतात. गावातही भांडणं असतात, हा आक्षेप खरा, आणि दंडाशिवाय नियम पोकळच. पण दंड करायला आधी डिंकावर हक्क लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाचा, म्हणजे डिंकासारख्या लाकूड सोडून इतर वनउत्पादनांचा, तो हक्क आहे. त्याचा कागद ग्रामसभेच्या हाती पडायला हवा.