मुलचेऱ्याचे हीव: खरे काय, खोटे काय

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की बाहेरच्यांना आधी इथले ऊन आठवते. इथली थंडी कोणी फारशी मोजत नाही आणि इथलेही म्हणतात, ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? हिवाने काय माणूस मरतो?’ मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच समज. माणूस गारठायला बर्फ लागत नाही. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि बाहेर १० अंश असतानाही ते घडू शकते. अंगावर ओले कपडे, सुटलेला वारा, अर्धपोटी शरीर आणि उघड्यावर काढलेली रात्र, एवढे एकत्र आले की पुरे. गडचिरोलीतल्या मुलचेरा तालुक्यात धानाच्या पुंजण्यांची राखण करणाऱ्याच्या वाट्याला यातले बरेच काही येते. पहाटेपर्यंत दहिवराने त्याची चादर जड झालेली असते.

थर्मामीटरवरचा आकडाही पुरते सांगत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण वेधशाळा तापमान मोजते ते जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीतल्या पेटीत. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि गवताचे पाते त्या आकड्यापेक्षा काही अंशांनी जास्त थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी ‘बर्फ पडला’ अशी बातमी येते तेव्हा वरून काही पडलेले नसते, दव जागच्या जागी गोठलेले असते. म्हणून भुईवर झोपणाऱ्याने अंगावर दुसरे पांघरूण घेण्याआधी अंगाखाली तणसाचा जाड थर घालावा.

आता निखाऱ्यांचे. ‘धूर संपला, आता घमेले आत न्यायला हरकत नाही’ ही समजूत घरोघरी आहे आणि ती जीव घेते. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून आपण त्याला भितो. लालबुंद, शांत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थंडी म्हणून दार लावलेले, खिडकीला पोते कोंबलेले, आणि आत सगळे घर झोपलेले. डोके दुखते, मळमळते, पण झोपेत ते कळतही नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तर जेवणाला दोष देत बसू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन लावा. शेकोटी अंगणातच बरी. झोपायला जाताना निखारे बाहेरच राहू द्यावेत.

शेकोटीसोबत मोहाची दारू आली की ‘एक घोट घे, ऊब येईल’ असा आग्रह होतोच. ऊब वाटते हे खरे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीकडे धावते आणि गाल तापतात. पण तीच उष्णता तिथून बाहेर निघून जाते आणि आतले शरीर गार पडत जाते. शिवाय हुडहुडीही मंदावते. शरीराला स्वतःची ऊब तयार करायचा तोच तर मार्ग!

शेकोटीची खरी मजा मात्र गप्पांत आहे आणि ती कोणी सोडू नये. या तालुक्यात एकेकाळी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत, गोंड-माडिया पाडे आहेत. एका जाळाभोवती तीन भाषांत थट्टा चालू शकते. सकाळी पोरे तोंडातून वाफ सोडत विडी ओढल्याची नक्कल करतात. ही थट्टाच कधीकधी उपयोगी पडते. गारठलेल्या माणसाची जीभ अडखळते, पाय लटपटतात, तो विसराळूपणा करतो; दिसायला अगदी प्यायल्यासारखा. लोक विचारतात, ‘काय गा, चढली काय?’ त्याने उलट टोला हाणला तर ठीक. तो हसलाच नाही, गप्प बसला आणि त्याची हुडहुडीही थांबली, तर ‘आता बरे वाटले असेल’ असे समजू नका. हुडहुडी थांबणे हे बिघडल्याचे लक्षण असू शकते.

सगळ्यात लवकर गार पडते ते नवजात बाळ. जन्मल्या जन्मल्या बाळाला न्हाऊ घातलेच पाहिजे, ही समजूत अजून गेलेली नाही. गडचिरोलीतल्याच ‘सर्च’ या संस्थेने, म्हणजे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी, गावच्या आरोग्यदूतांना बाळ कोरडे करणे आणि उबदार पिशवीत ठेवणे शिकवले. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने बालमृत्यू कसे घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे हेच काम देशभर आशाताईंकडे आले. बाळ कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला. अंघोळ नंतर.

सिकलसेल असलेल्यांनाही थंडी वेगळी बाधते. या जिल्ह्यात असे रुग्ण बरेच आहेत. गार पाण्याने अंघोळ किंवा पहाटेचा गारठा यांनी हाडे फोडणाऱ्या वेदना सुरू होऊ शकतात. त्यामुळे काम राहिले तर त्याला ‘कामचुकारपणा’ म्हणणे अन्यायाचे आहे. पाणी कोमट करून द्यावे, थंडीतही भरपूर प्यायला लावावे.

आणि कोणी गारठलेला सापडलाच तर त्याचे हातपाय चोळू नका, त्याला जाळाला चिकटवू नका, कढत पाण्याने न्हाऊ घालू नका. ओले कपडे काढा, कोरड्या वाकळीत गुंडाळून आडवे निजवा, आधी छाती-पोट उबदार करा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम चहा द्या. दवाखान्यात नेताना गाडीत त्याला हिसके बसू देऊ नका.