शिरूर–दौंड अंतर : कागदावरचें आणि गाडीवाटेचें

शिरूरहून दौंड किती लांब, या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटतें. परंतु तें कोणासाठीं पाहिजे, हें आधीं ठरविलें पाहिजे. पक्ष्याचें अंतर एक, प्रवाशाचें दुसरें आणि माल भरलेल्या गाडीचें तिसरें.

प्रथम पक्ष्याचें अंतर पाहूं. शिरूर साधारण १८ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर व ७४ अंश २३ कला पूर्व रेखांशावर आहे. दौंड १८ अंश २८ कला व ७४ अंश ३५ कला या ठिकाणीं आहे. म्हणजे दौंड शिरूरच्या दक्षिणेस २२ कला व पूर्वेस १२ कला. अक्षांशाची एक कला सुमारें १.८५ किलोमीटर, तर आपल्या भागांत रेखांशाची एक कला सुमारें १.७५ किलोमीटर भरते. यावरून दक्षिणेकडील अंतर ४१ व पूर्वेकडील २१ किलोमीटर येतें. काटकोन त्रिकोणाच्या नियमानें कर्ण काढिला म्हणजे सरळ अंतर सुमारें ४६ किलोमीटर, अर्थात् साडेअठ्ठावीस मैल होतें. ताशीं ८०० किलोमीटर वेगाचें विमान तें साडेतीन मिनिटांत ओलांडील. पण या दोन गांवांमध्यें प्रवासी विमानांची ये-जा नाहीं, आणि असती तरी चढण्या-उतरण्यासच त्याहून अधिक वेळ गेला असता.

जमिनीवर मात्र नद्या आडव्या येतात. शिरूर घोड नदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या कांठीं. आणि दोन्ही तालुक्यांच्या मधून सीमेप्रमाणें भीमाच वाहते. कांठावरील शेतकऱ्यास पैलतीरावरचें गांव दिसतें, पण त्याची गाडी पुलाचा वळसा घेऊनच तेथें पोंचते. शिरूरला लोहमार्ग नाहीं. १८७८ सालीं सुरू झालेला दौंड–मनमाड मार्ग काष्टी, विसापूर असा नगरकडे जातो. म्हणून रेल्वेनें पाठवावयाचा मालही आधीं सडकेनेंच न्यावा लागतो.

या वळशाची किंमत उंसाच्या बाबतींत विशेष जाणवते. तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा. उशीर झाल्यास तो सुकतो, वजन घटतें आणि साखरेचा उताराही उतरतो. ताशीं चार किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीस सोळा किलोमीटरांच्या वळशांत चार तास जातात. शिवाय तोडणी व वाहतुकीचा खर्च उंसाच्या रकमेंतूनच वजा होतो.

कांद्याचा हिशेबही असाच करावा. समजा, माल पन्नास क्विंटल आहे. जवळच्या बाजारांत दर १,५०० रुपये व दूरच्या बाजारांत १,६०० रुपये आहे. वरवर पाहतां ५,००० रुपयांचा लाभ दिसतो. त्यांतून जादा भाडें ३,००० रुपये आणि वाटेंत एक क्विंटलची घट म्हणजे १,६०० रुपये वजा केले कीं ४०० रुपयेच उरतात. आपला एक दिवस मोडला, तर तेवढेही पदरांत पडत नाहींत.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानें एक लहानशी वही ठेवावी. बांधापासून कांट्यापर्यंत गाडीस लागलेले तास, भाडें, हमाली व घट तींत दर खेपेस टिपून ठेवावी. एका हंगामांतच आपला खरा बाजार कोणता, हें त्या वहीवरून कळून येईल. नकाशा दिशा दाखवितो. अंतर मात्र आपल्या गाडीनेंच मोजावें.