तालमीला जागा

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. इथल्या माणसांची नाटकाची हौस त्याहून कितीतरी जुनी आहे. तरीही एखाद्या गावाच्या रंगमंचाचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण इमारतीकडे वळतो: पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, खुर्च्या किती, पहिला प्रयोग कोणाचा. माझ्या मते छोट्या गावापुरता हा इतिहास तालमीच्या जागेपासून सांगायला हवा. प्रयोग एका संध्याकाळचा असतो, तो मांडवातही होतो. नाटक बसते ते महिना-दीड महिना रोज रात्री, कामावरून सुटलेली माणसे एकत्र येतात तिथे. ती जागा कोणाच्या ताब्यात आहे आणि तिथे कोणाला शिरता येते, यावर त्या गावातून कोणाचे नाटक उभे राहणार हे ठरते.

निजामी राजवटीत माणसे जमणे हीच मुळात परवानगीची बाब होती. गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकामुळे सभा-संमेलनांवर सरकारची करडी नजर असे. हैदराबाद संस्थानातल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूरला, म्हणजे आजच्या याच जिल्ह्यात भरले, तेही या बंधनांच्या छायेत. अशा काळात उत्सव हाच लोकांचा हक्काचा रंगमंच ठरला. कीर्तन, भारूड, गणेशोत्सवातले मेळे यांना देवाचे निमित्त होते आणि देवळाचा सभामंडप किंवा गावचा पार ही जागा होती. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत, रामनवमीची परंपरा आहे. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची. तिकीट नाही, पडदा नाही, पण ऐकणारा पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खराच आहे. देवळाचा मंडप सगळ्या गावाचा कधीच नव्हता. ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नव्हते, त्यांनी त्या मंडपात तालमी तरी कुठून करायच्या? बायकांना तर ऐकायला बसण्याची मुभा होती, उभे राहून बोलण्याची नव्हती. तमाशाचा फड गावाबाहेर पडायचा आणि आंबेडकरी जलसे आपापल्या वस्तीत उभे राहिले, ते काही आवडीनिवडीमुळे नव्हे. म्हणूनच पालिकेच्या नाट्यगृहाचे मोल मला फार मोठे वाटते. जालन्यात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य गंधर्व नाटक मंडळीत गाजला, ‘प्रभात’च्या चित्रपटांना त्याने संगीत दिले आणि 1971 मध्ये त्याला पद्मभूषण मिळाले. त्याचे आडनाव ज्या फुलंब्रीवरून आले ते गाव शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अशा नावाची, कोणत्याही जातीची किंवा आळीची नसलेली, करातून उभी राहिलेली वास्तू ही गावाच्या सार्वजनिक जीवनातली मोठी कमाई असते.

मात्र आपली नाट्यगृहे बहुतेक दौऱ्यावरच्या नाटकासाठी आखलेली असतात. दुपारी नेपथ्याची गाडी लागते, संध्याकाळपर्यंत दिवे टांगून होतात, तिसरी घंटा होते आणि मध्यरात्री सगळा संसार गाडीत चढून पुढच्या गावाला जातो. या मंडळींच्या तालमी पुण्या-मुंबईत कधीच झालेल्या असतात. स्थानिक हौशी संघाची गरज वेगळी. खडूने जमिनीवर दाराची, पलंगाची रेघ मारायची, हालचाली बसवायच्या, कोणाची पाळी संपेपर्यंत थांबायचे, आणि उद्या तीच रेघ तिथेच सापडली पाहिजे. त्याला विंगा लागत नाहीत, झालर लागत नाही; एक स्वच्छ खोली, दिवा, पंखा, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि रात्री दहानंतरही उघडे राहणारे दार लागते. हौशी राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालत आली आहे. तिथवर पोचणाऱ्या प्रत्येक संघामागे अशी एखादी मागून मिळवलेली खोली असते.

‘भाडे आल्याशिवाय पालिकेने इमारत चालवायची कशी? लग्ने आणि मेळावे आहेत म्हणून तर दिवे लागतात,’ असे म्हणणारे चुकीचे नाहीत. मोठे सभागृह जरूर भाड्याने द्यावे. पण तालमीची खोली ग्रंथालयासारखी धरायला हवी. वाचनालयाने नफा किती केला हे आपण विचारत नाही. ‘इथे नाटक करते कोण?’ हा दुसरा प्रश्न तर या जिल्ह्यात टिकतच नाही. 2012 मध्ये रंगमंचावर आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिले जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी. दिग्दर्शन नंदू माधव यांचे, शाहिरी संभाजी भगत यांची, आणि रंगमंचावरची कितीतरी माणसे जालन्याच्या खेड्यांतली, शेतीच्या कामातून आलेली. शिवाजी महाराजांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांच्या विचारांचे काय केले, हा प्रश्न त्यांनी महाराष्ट्रभर विचारला. त्याच जांबेत रामनवमीचा मंडपही आहे. तिथल्या तयार कानाचा आणि त्या मंडपाबाहेर राहिलेल्यांच्या रागाचा, दोन्हींचा वारसा या नाटकात ऐकू येतो.

बियाणे आणि पोलाद यांच्या व्यापाराने ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही खरी ठेवली आहे, आणि 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. तेव्हा मागणी लहानच आहे: नाट्यगृहाच्या आवारात एक तालीमघर, नाममात्र शुल्क, नोंदवहीत आधी नाव त्याची पाळी आधी, आणि घनसावंगी-मंठ्याहून शेवटच्या एसटीने आलेल्या पोरांना रात्री तिथेच पथारी पसरायची परवानगी.